क्रियापदाचा चौथा तुकडा

मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये, नऊ वर्षं फ्रेंच शिकवलं. त्या नऊ वर्षांत कुणी माझ्याशी फ्रेंचमध्ये बोललं असतं तर मला ते कळलं नसतं. आज हे सरळ लिहिता येतंय, पण पहिल्यांदा तोंडातून काढायला फार जड गेलं होतं.

मूळची मी नेसरीची. आमच्याकडे बायकासुद्धा "मी जातो, मी करतो" असंच बोलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एम.ए.ला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या मेसमध्ये मी "काल हितं मीच बसलतो की" म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. एकीने विचारलं, "बसलतो म्हणजे? तू मुलगा आहेस का?" त्या दिवसापासून मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात म्हणून बघायला लागले. बसले होते. आले होते. नाही. हो. दोन वर्षांत माझी भाषा इतकी धुऊन निघाली की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणायची, रेडिओ लावल्यागत वाटतंय.

त्याच काळात मी पत्राद्वारे फ्रेंचचा कोर्स केला. पुण्यात फ्रेंचचे चांगले वर्ग होते, माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी जायचीही. पण वर्गात तोंड उघडावं लागलं असतं. टपालाने येणारी पुस्तकं माझं काही ऐकत नव्हती. परीक्षा लेखी होती. मला पहिला वर्ग मिळाला.

पुढे लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि त्या क्लासमध्ये इंग्रजी व्याकरण शिकवायला लागले. क्लासच्या सरांनी एकदा माझा अर्ज चाळला आणि विचारलं, "तुम्हाला फ्रेंच येतं का हो?" इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली मुलं मार्कांसाठी फ्रेंच घ्यायला लागली होती आणि शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मी "हो" म्हणाले. ते हो अगदीच खोटं नव्हतं. मुलांचे पेपर लेखीच असायचे, आणि रिकाम्या जागा भरणं, काळ बदलणं, क्रियापद चालवणं यांत माझा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं.

लांब क्रियापदं शिकवण्याची माझी एक पद्धत होती. मी फळ्यावर शब्द लिहायची, खडूने उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायची, प्रत्येक तुकड्याखाली देवनागरीत उच्चार लिहायची आणि डस्टरने टेबलावर ठोके देत मुलांकडून म्हणून घ्यायची. अख्खा वर्ग एका सुरात तुकडे म्हणायचा तेव्हा बाहेरच्या जिन्यातून जाणारे लोक थांबून बघायचे. मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा.

फ्रेंचमध्ये 'ते' किंवा 'त्या' यांच्या क्रियापदाच्या शेवटी ई-एन-टी ही अक्षरं लिहितात, पण उच्चारत नाहीत. वर्तमानकाळाच्या धड्यात हे चौकटीत छापलेलं होतं आणि ते मी बरोबरच शिकवत होते. पुढच्या पुस्तकात मात्र 'त्या खातील' याच्याही पुढचं, 'त्यांनी खाल्लं असतं, त्या खातील म्हणे' असल्या अर्थाचं एक रूप येतं. ते लिहायला अकरा अक्षरं लागतात आणि त्यातली शेवटची पाच ए, आय, ई, एन, टी अशी असतात. तिथे चौकट नव्हती. एवढं लांब लिहिलेलं रूप लांबच वाजणार असं मी धरून चालले. मां-झ-रे-आं. चार तुकडे, चार ठोके. कानाने तपासून बघावं असं मला नऊ वर्षांत वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं होतं, आणि मी कधीमधी फ्रेंच ऐकायला लावायचीही. एक शब्द ओळखेपर्यंत वीस निघून जायचे. मी बंद करायची.

मग मोठ्या माणसांची बॅच सुरू झाली. कॅनडाला जायचं असलेल्या दोन नर्स, एक इंजिनियर, एक नवं लग्न झालेलं जोडपं. आणि या सगळ्यांत शिरोळहून येणाऱ्या एक काकू.

काकूंचं वय साठीच्या आसपास. जैन शेतकरी घर, ऊस, दोन ट्रॅक्टर. त्यांच्या मुलाने फ्रान्समध्ये नोकरी धरली आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. दोन वर्षं घरात त्याचं नावही काढत नव्हते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं. मग नात झाली आणि बोलणं सुरू झालं. नात आता सहा वर्षांची होती. तिला मराठीतले "अज्जी", "पाणी" आणि "ये की" एवढेच शब्द यायचे.

"तिची आई माझ्याशी इंग्रजी बोलती आन् मला इंग्रजी येत न्हाय. मग म्हटलं, शिकायचंच हाय तर पोरीचंच शिकू की," काकू म्हणाल्या.

आठवड्यातून दोन दिवस त्या एसटीने कोल्हापूरला यायच्या, स्टँडवरून सिटी बस धरून राजारामपुरीत. दुपारची दोनची बॅच त्यांच्यासाठीच दोनची ठेवली होती, कारण त्या दिवस मावळायच्या आत जेवायच्या आणि त्याआधी घर गाठायचं असायचं. त्यांना फ्रेंच लिहायला जमायचं नाही. त्या सगळं देवनागरीत उतरवायच्या, आणि वर्गात शिकवलेल्यापेक्षा नातीकडून फोनवर ऐकलेलंच त्यांच्या वहीत जास्त असायचं.

एक दिवस त्यांनी वही पुढे केली.

"मॅडम, ही पोरगी बाहुल्या मांडून बसती आन् सगळ्याच्या शेवटी 'रे' लावती. त्यू सरे, त्यू सरे. आधी मला वाटलं मलाच 'अरे' म्हणती काय. पण मी ध्यान देऊन ऐकलं. खेळ चालू असला की 'रे'. खेळ मोडला, आईनं जेवायला हाक मारली, की 'रे' गेलं. म्हंजे ते खोटं-खोटंचं हाय, व्हय का न्हाय?"

मी थक्क झाले. हे त्या पुढच्या पुस्तकातलं रूप होतं आणि काकूंनी ते कुणी न शिकवता पकडलं होतं. मुलं "तू बाई होशील हं, मी आजारी असेन हं" असं खेळतात, तसं ती मुलगी फ्रेंचमध्ये खेळत होती. मी वर्गाला ते सांगितलं आणि उत्साहाने फळ्यावर अकरा अक्षरी क्रियापद लिहिलं. बाहुल्या जेवतील. रेघा मारल्या, डस्टर घेतला. मां. झ. रे. आं.

सगळे म्हणाले. काकू म्हणाल्या नाहीत.

"मॅडम, शेवटचं 'आं' न्हाय ते."

"आहे काकू. एक बाहुली असेल तर नाही. चार असतील तर आहे."

"पर ती एकीला म्हणती तरी 'सरे' आन् चौघींना म्हणती तरी 'सरे'. जेवायला बसवती तवा 'मांज्रे' म्हणती. मांजरं म्हटल्यागत. म्हणून तर ध्यानात ऱ्हायलं." त्या जरा पुढे सरकल्या. "आन् मधला तुकडाबी खाती ती. आपुनबी 'गेलो होतो' कुठं म्हणतो? 'गेलतो' म्हणतो. तसंच करत असतील की तीबी."

वर्गात पाच-सहा जण माझ्याकडे बघत होते. क्लासचे सर नेमके त्याच वेळी दारातून डोकावून गेले. मला काय झालं ते मी पुढे बरेचदा आठवून बघितलंय. त्या चूक बोलत असत्या तर मी शांत राहिले असते. कुठेतरी मला वाटलं की यांचं बरोबर असेल, आणि ते वाटल्याबरोबर मी चिडले.

"काकू," मी म्हणाले, "फ्रेंच म्हणजे शिरोळची एसटी नाही, वाटेत कुठेही उतरायला. इथे 'मी आलतो, मी गेलतो' करून चालणार नाही. इथे प्रत्येक तुकडा म्हणावा लागतो."

'आलतो, गेलतो' मी त्यांच्याच हेलात म्हणाले. तो हेल मला किती बेमालूम काढता येतो हे वर्गातल्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सगळे हसले, मीही. काकूही हसल्या, तोंडाला पदर लावून. मग त्यांनी वही जवळ ओढली आणि मी लाल पेनने 'मांज्रे'वर रेघ मारून शेजारी चार तुकडे लिहून दिले.

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा चारही तुकडे त्यांना चोख म्हणता येत होते. एसटीत सारा रस्ता म्हणत आलो, म्हणाल्या. कंडक्टरने विचारलं, काकू, कसला मंत्र हाय. मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

त्यानंतरच्या रविवारी मी घरी एकटी होते. दुपारी भांडी घासत होते. कानात सारखं ते 'मांज्रे' वाजत होतं. हात पुसले, फोन घेतला आणि शब्दांचे उच्चार ऐकवणाऱ्या एका साइटवर ते क्रियापद शोधलं. एका बाईने म्हटलं, मांझरे. एका पुरुषाने म्हटलं, मांज्रे. मी दुसरं क्रियापद लावलं, तिसरं लावलं. दोर्मिरे. सरे. पंधरा-वीस क्रियापदं ऐकली असतील. कुठेही 'आं' नव्हतं. एकवचन आणि अनेकवचन कानाला एकच होतं, काकू म्हणाल्या होत्या तसंच.

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. आधी नऊ वर्षांची मुलं आठवली, ठोक्यांवर म्हणणारी. मग फक्त काकूंचा तोंडाला लावलेला पदर दिसत राहिला. माझा नवरा बाहेरून आला आणि त्याने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणाले, "डोकं दुखतंय."

पुढच्या वर्गात सांगायचं असं ठरवूनच गेले होते. पहिलं वाक्यही जुळवलं होतं. काकू नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी येऊन बसल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "मॅडम, काल पोरीला मी शिकवलं."

"काय शिकवलं?"

"तेच की, आं. ती मांज्रे म्हणाली तसं मी म्हटलं, न्हाय बाळ, मां-झ-रे-आं. ती हसली. मी परत म्हटलं. परत हसली. मग मी जरा आवाज चढवला. म्हटलं, माझ्या मॅडम शिकल्याल्या हाईत, तुझ्यापरास त्यांना जास्त कळतंय. तवा रुसली आन् फोन टाकून गेली." काकू जरा खिन्न हसल्या. "लेक म्हणाला, आई, ती बरोबर म्हणती. मी त्याला म्हटलं, तू कंपनीत इंग्रजी बोलतोस, तुला काय ठावं? मॅडमचं चुकायचं न्हाय."

बाकीचे लोक आत येत होते. माझं जुळवलेलं वाक्य तोंडातच होतं. ते तेव्हा म्हटलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणाले, "होतं असं. लहान आहे ती." आणि फळ्याकडे वळून भूतकाळ शिकवायला घेतला.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मी फार चतुराईने वागले. ते रूप टाळलं. कुणी विचारलं तर "ते नंतर बघू" म्हणायची. नर्सांपैकी एकीने बोलण्याच्या परीक्षेची तारीख सांगितली तेव्हा तिला बाजूला घेऊन, "तुला आता हे रूप लागणार नाही, वापरूच नको," असा सल्ला दिला. चूक दुरुस्त करण्याऐवजी मी त्या चुकीभोवती कुंपण घालत बसले होते.

इकडे काकू वाळत चालल्या होत्या. नात आता फोनवर नुसतं हॅलो म्हणते, चित्र दाखवते आणि जाते, असं त्यांनी सांगितलं. बाहुल्या मांडत नाही. "रे म्हणतच न्हाय माझ्याम्होरं," त्या म्हणाल्या. "माझंच आं नीट येत नसंल. परत एकदा घ्या की मॅडम माझ्याकडनं म्हणून." आणि मी, सगळं ठाऊक असताना, त्यांच्याकडून एकदा म्हणून घेतलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मग कृष्णेचं पाणी वाढलं. शिरोळकडचे रस्ते एकेक करून बंद झाले. काकूंचा फोन आला की जनावरं आधीच हलवलीत आणि घरातली सगळी जयसिंगपूरला पावण्यांकडे आलीत, क्लासला आता जमायचं नाही. त्यांच्या आवाजामागे माणसांचा गलका होता. मी म्हणाले, "काळजी घ्या काकू." फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एका बाईचं घर पाण्यात जात होतं आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, आता महिनाभर तरी समोर बसणार नाहीत.

ते मनात आलं तेव्हा मी राजारामपुरीच्या मेन रोडवर भाजी घेत होते. भाजीवाली विचारत होती, "ताई, मेथी घेतासा का?" माझ्याकडून काय होऊन बसलंय ते मला त्या क्षणी पुरतं दिसलं. चुकीचा उच्चार शिकवणं ही गोष्ट त्यापुढे काहीच नव्हती.

पाणी उतरल्यावर, रस्ता खुला झाल्याच्या दुसऱ्याच रविवारी मी एसटीत बसून शिरोळला गेले. फोन केला नाही. फोनवर सांगून मोकळी झाले असते. दोन्ही बाजूंचा ऊस चिखलाने माखून आडवा झाला होता, भिंतींवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ होती. स्टँडवर एकाला घर विचारलं तर तो म्हणाला, "कुठलं पावणं तुमी? चला, दावतो," आणि दारापर्यंत आला.

काकू पाइपने घराचा पुढचा सोपा धूत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला चिखल. त्यांचे मिस्टर माडीवरून भिजलेल्या गाद्या खाली आणत होते. मला बघून काकूंनी पाइप टाकला. "मॅडम? एवढ्या लांब? बसा की." बसायला कोरडं काही नव्हतं. त्यांनी एक स्टूल धुऊन, पदराने पुसून दिलं.

मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "काकू, ते शेवटचं आं नसतं. तुमची नात बरोबर म्हणत होती. तुम्हीही बरोबर ऐकलं होतं. मी चुकीचं शिकवलं."

त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आणि मला हे महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. कळल्यावरही मी सांगितलं नाही. तुम्ही नातीला रागावलात म्हणून सांगितलंत तेव्हाही मला माहीत होतं."

पाइपमधून पाणी वाहत होतं. काकू वाकल्या, नळ बंद करून आल्या. त्यांचे मिस्टर गादी घेऊन जिन्यातच थांबले होते.

"चुकलासा, ते होतंय," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. त्या दिवशी हसलासा कशाला?"

उच्चाराबद्दल, परीक्षेबद्दल, पुस्तकाबद्दल माझ्याकडे उत्तरं होती.

"काकू, मी नेसरीची हाय," मी म्हणाले. किती वर्षांनी ते 'हाय' घराबाहेर माझ्या तोंडातून आलं. "मीबी तसंच बोलतो. पुण्यात लोक हसलेत मला. म्हणून..." आणि मला रडू यायला लागलं.

"नेसरीच्या व्हय," काकू म्हणाल्या. "आन् कधी बोलला न्हाईसा." त्यांच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. त्या आत गेल्या, हात पुसत फोन घेऊन आल्या. "आता पोरगी घरात असती. तुमीच सांगा तिला."

"काकू, मला... मला बोललेलं फ्रेंच समजत नाही."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी विसरणार नाही. मग फोन लावला.

मुलगी पडद्यावर आली, तोंडात काहीतरी खात. काकू तिच्याशी त्यांच्या देवनागरी फ्रेंचमध्ये दोन-चार शब्द बोलल्या, त्यात 'मॅडम' होता. मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. मी एसटीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, त्यू आवे रेझोँ, तुझं बरोबर होतं. आणि माझं चुकलं. मुलगी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग तिने भरभर काहीतरी विचारलं. मला त्यातला एक शब्दही लागला नाही.

"इच्यारती, तुमी खरंच मॅडम हाय का?" काकूंनी सांगितलं.

मी मान हलवली. मुलीने आणखी काहीतरी म्हटलं आणि हात वर करून दोन बोटं दाखवली. ते मात्र मला कळलं. मांज्, रे. तिने टाळ्या वाजवून दाखवल्या, दोन. मला म्हणायला लावलं. मी चिखलात उभी राहून म्हटलं. पहिल्यांदा तिला पसंत पडलं नाही, माझा 'र' जिभेच्या शेंड्यावरून येत होता. तिने घसा खरवडून दाखवला. चौथ्या-पाचव्या वेळी ती "वी", म्हणजे हो, म्हणाली आणि फोन अज्जीकडे फिरवायला सांगितलं. त्यांचं दोघींचं पुढे काय बोलणं झालं ते मला समजलं नाही. काकू एकदा हसल्या एवढं दिसलं.

परत निघताना त्यांनी मला गावाकडच्या रीतीप्रमाणे शेंगदाण्याची पिशवी दिली नाही, चहाला थांबा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या चुलीवरही चिखल होता. "जपून जावा," एवढंच म्हणाल्या. मिस्टरांनी स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडलं आणि वाटेत पाणी कुठंवर आलं होतं ते दाखवत गेले.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला उकरून काढताय? हळूच बदला की. कुणाच्या लक्षात येतंय?" तेच तर मी महिनाभर करत होते. दोनच्या बॅचला मी फळ्यावर ते रूप लिहिलं, रेघा मारल्या, शेवटचा तुकडा पुसला आणि काकूंना त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं, हेही सांगितलं. इंजिनियर खाली बघत राहिला. ज्या नर्सला मी ते रूप वापरू नको म्हणाले होते ती उठून म्हणाली, "मॅडम, माझी परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. आणखी काय काय चुकलंय?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." ती पिशवी उचलून गेली. तिने नंतर पुण्याच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन तयारी केली आणि पास झाली, असं दुसरीकडून कळलं. मला तिने कळवलं नाही आणि का कळवावं.

पुढच्या महिन्यापासून मी मोठ्यांची बॅच सोडली. लहान मुलांना शिकवते, पण प्रत्येक शब्द आधी वर्गात ऐकवते आणि मग तुकडे पाडते. रोज सकाळी अर्धा तास मी स्वतः ऐकते. शब्द अजून निसटतात, पण आता बंद करत नाही. पहिल्यापेक्षा थोडं जास्त कळतं.

काकू क्लासला परत आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेल्या, हे मला त्यांच्या मिस्टरांकडून कळलं. ते मार्केट यार्डात भेटले होते. तिथे त्या नातीला शाळेत सोडायला जातात, वाटेत सगळ्यांशी बोलतात, असं ते कौतुकाने सांगत होते. "तुमी शिकवलासा म्हणून," असंही ते म्हणाले. जिन्यात उभं राहून त्यांनी त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. ते खरंच विसरले होते की मला सांभाळून घेत होते, ते मला ठरवता आलं नाही.

ज्या जुन्या मुलांचे नंबर मिळाले त्यांना मी मेसेज पाठवले. बहुतेकांनी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. एकाने लिहिलं, "मॅडम, मी तर फ्रेंच कधीच सोडलं." एक मुलगी आता बंगलोरला असते. तिने मला एक छोटं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात ती अजूनही चार ठोक्यांवर, पाठ असलेल्या कवितेसारखं ते क्रियापद म्हणत होती आणि मागे कुणीतरी हसत होतं. मी ते पुसलं नाही. पण परत ऐकलंही नाही.